उतलेला बिब्बा

बिब्बा सगळ्यांनाच उततो असं नाही. मला उतत नाही. पायात काटा मोडला किंवा टाचेला भेग पडली, की आमच्या सासूबाई बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायच्या आणि त्याचं काळं कढत तेल जखमेवर टेकवायच्या. मला चटका बसायचा, काळा डाग पडायचा, दुसऱ्या दिवशी मी कामावर. माझ्या मोठ्या जावेला मात्र तो उतायचा. लावला त्या जागेपासून फोड पसरत जायचे, पाय सुजायचा, पाणी गळायचं. मग खोबरं आणि तीळ वाटून वर लेप द्यायचा. तिला बिब्बा उततो हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं, आणि त्याच उतण्याने ती म्हातारपणी गेली. मधली सगळी वर्षं आम्हाला काही समजलं नाही.

आमचं घर मिठागरावरचं. पनवेलच्या खाडीकडेला आज जिथे रुंद रस्ते आणि उंच इमारती दिसतात, तिथे आमचे मिठाचे वाफे होते. ते गेले म्हणून मी रडत नाही. मिठागर काही रडण्यासारखी जागा नव्हती. खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांची सालं निघायची, आणि जखम झाली तर ती मीठ शिरून महिनोन्‌महिने भरायची नाही. जाऊ नवी नवरी असताना मीठ ओढणाऱ्या कुणाच्या तरी फावड्याची धार तिच्या नडगीवर बसली. मी तेव्हा या घरात यायची होते. हे तिनेच मला पुढे इतक्या वेळा सांगितलं, की ते फावडं मी पाहिल्यासारखं वाटतं. मीठ आत शिरू नये म्हणून सासूबाईंनी त्या लांबलचक जखमेवर एकामागून एक बिब्बे जाळून तेल ओतलं. त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. सगळ्या सासवा तेच करत. पण नडगी घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत भाजून निघाली.

"मी खाटेवर पडून ओरडतेय," जाऊ सांगायची, "आणि म्हातारी दारात बसून बायकांना सांगतेय, कामाला नको म्हणून सोंग करते. बिब्बा कोणाला इतका उततो का?"

पाय भरला, पण तिथे नेहमीची कातडी आली नाही. तापवलेल्या दुधावर साय धरते तसं पातळ, सुरकुतलेलं, चकचकीत काहीतरी आलं. उन्हाळ्यात ते खाजायचं, मग फुटायचं, आठवडाभर पाणी गळायचं. मग जाऊ म्हणायची, "बिब्बा उतला गो परत. खोबरं दे वाटून." मी वाटून द्यायची. लेप लावला की काही दिवसांनी जखम मिटायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. घरात पोरांना जसा ताप येतो, तसा तिचा बिब्बा उतायचा. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

मी तिला बाय म्हणायची. आमचं पटायचं असं नाही. भिंतीला भिंत लागून घरं, मध्ये एक सामाईक नळ. त्या नळावरून एकदा आम्ही वर्षभर एकमेकींशी बोललो नाही. पण त्या वर्षीसुद्धा हळदीच्या भाकऱ्या आम्ही दोघींनीच केल्या. आमच्याकडे हळदीच्या जेवणाला तांदळाच्या भाकऱ्या लागतात, आणि आजूबाजूच्या गावांत कुणाच्याही घरी लग्न असलं की आम्हाला बोलावणं यायचं. ती थापायची, मी भाजायची. ती पाय लांब करून परातीपुढे बसायची, मी चुलीपुढे. भाकरी परातीतून तव्यावर जाताना बोलावं लागत नाही. तिचा हात पुढे आला की माझा हात तयार असतो. ज्या वर्षी बोललो नाही, त्या वर्षी उलट भाकऱ्या जास्त चांगल्या झाल्या असं लोक म्हणाले.

दोन-तीन वर्षांपूर्वी तळोज्याकडच्या एका गावात हळद होती. आम्ही मांडवामागे बसलो होतो. दोघे जण रश्शाचा टोप उचलून नेत होते, त्याचा कान तिच्या लांब केलेल्या नडगीला लागला. कातडी नखाएवढी सोलवटली. तिने टोपवाल्यांना अशी शिवी दिली की नवऱ्या मुलाचा मामा पळत बघायला आला. त्यानंतर राहिलेल्या भाकऱ्या थापून ती घरी आली.

ती नखाएवढी जागा भरली नाही. खोबऱ्याने भरली नाही, तिळाने भरली नाही. शेजारच्या म्हातारीने वांगं आणि सुकट बंद करायला सांगितलं, ते केलं, तरी भरली नाही. उलट कडेने मांस वर येऊ लागलं, फ्लॉवरच्या गड्ड्याला कडेला जसे बारीक तुरे असतात तसं. हात लागला की रक्त यायचं.

"बाय, इतकी वर्षं झाली," मी म्हटलं. "बिब्बा अजून कसा उतेल?"

"मूळ धरून बसलाय तो. तुला उतत नाय, तुला काय कळणार?"

मला खरंच उतत नव्हता. मीही खोबरंच वाटत राहिले.

मग वास यायला लागला. ती माझ्याकडे चहाला आली की गेल्यावर मी खिडकी उघडायची. तिच्या मुलालाही येत असणार, पण तो आईला काय बोलणार? तो तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो. मवाळ आहे, बापावर गेला आहे. शेवटी मीच बोलले.

"बाय, तू सडतेस."

"तूच सड."

"मी सडेन तेव्हा सडेन. आज तू सडतेस. उद्या दवाखान्यात चल."

तिने चहाचा कप आपटला आणि गेली. पण सकाळी नवी साडी नेसून माझ्या दारात उभी राहिली. "चल," म्हणाली, "तुझा हट्ट एकदा पुरा करू."

नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची असेल. तिने पाय बघितला आणि तिचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं.

"आजी, हा डाग किती वर्षांचा?"

"माझ्या पोरापेक्षा मोठा हाय."

"मुलाचं वय काय?"

"ते त्याला विचार. मी काय मोजत बसले?"

डॉक्टरीण हसली, पण पटकन थांबली. तिने मांसाचा लहान तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा गेलो तेव्हा जावेचा मुलगाही बरोबर होता. डॉक्टरणीने त्याच्याकडे बघत सांगितलं, की चामडीचा कॅन्सर आहे.

"इकडे बग," जाऊ म्हणाली. "पाय माझा हाय. मला सांग."

मग डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्या समोर बसली. तिने सांगितलं, की खोल भाजलेल्या जागेची कातडी कधीच पुरती बरी होत नाही. ती फुटते, भरते, परत फुटते. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की कधीतरी ती भरण्याऐवजी वेडीवाकडी वाढायला लागते.

"म्हणजे बिब्बाच," जाऊ म्हणाली.

"बिब्बा आता नाही आजी. बिब्ब्याने भाजलं होतं त्या जागेचा..."

"तेच सांगते मी. इतका वेळ तेच सांगते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बगितलंस? बिब्बाच निघाला."

जिंकल्यासारखी बघत होती. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण मी रडले असते तर तिला कळलं असतं. म्हणून मी म्हटलं, "हो, तूच शहाणी."

दवाखान्यातल्या लोकांनी नडगीवरचं सगळं खराब मांस काढलं आणि मांडीची पातळ कातडी सोलून तिथे लावली. गावात आधीच कुजबुज होती, की गाठीला लोखंड लावू नये, लोखंड लागलं की ती पेटते. पण पाय छान भरला. जाऊ आल्यागेल्याला साडी वर करून दाखवायची. "मांडीचं ठिगळ नडगीला. शिंप्याने पण असं बसवलं नसतं." एका लग्नात तिने स्टुलावर बसून भाकऱ्या थापल्यासुद्धा. तिच्या भाकऱ्या जाड झाल्या. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही याचाच तिला राग आला.

मग एके दिवशी आंघोळीनंतर तिने मला हाक मारून आत बोलावलं. कातडी सोलून घेतली होती त्या मांडीवर, बरोबर त्या सोललेल्या चौकोनाच्या कडेने, हरभऱ्याएवढे दाणे आले होते. जणू कुणी आखून दिलेल्या रेघेवर. त्या मांडीला आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. तिथे बिब्बा नव्हता, मीठ नव्हतं. तिथे फक्त डॉक्टरचं हत्यार लागलं होतं.

"बग," ती म्हणाली. "जिथे लोखंड लागलं तिथे उगवलं. लोक बोलत होते ते खोटं नाय."

दुसऱ्याच दिवशी मी तिला परत दवाखान्यात नेलं.

नडगीवरही ठिगळाच्या शिवणीपाशी मांस परत वर आलं होतं. डॉक्टरणीने सगळं तपासलं आणि म्हणाली, की काही जणांच्या कातडीला जिथे इजा होते तिथेच हा आजार डोकं काढतो, ती इजा ऑपरेशनची असली तरी. नडगीवरचं तर हाडापर्यंत पोचलं आहे. पाय मांडीच्या वरून काढावा लागेल.

जावेने विचारलं, "आणि जिथून कापशील तिथे उगवलं तर?"

डॉक्टरीण म्हणाली, "उगवू शकतं. उगवेलच असं नाही. पण पाय ठेवला तर हे वाढणारच, ते नक्की."

मला ती मुलगी आवडली ती तेव्हा. तिने आम्हाला गोड गोड सांगितलं नाही. पण त्या 'उगवू शकतं'नेच घात झाला. जावेने तेवढंच ऐकलं.

घरी आल्यावर मुलाने पाय धरले. "आये, काप म्हण. मी तुला उचलून फिरवीन."

"तू शिफ्टला गेलास की कोण फिरवील? तुझी शिफ्ट?"

मग तो माझ्याकडे आला, आणि मी तिच्याकडे गेले.

"बाय, पाय गेला तरी तू राहशील."

"कशी राहीन? ओंडक्यासारखी?"

"ओंडका तर ओंडका. घरात तरी राहील."

"तुझा पाय हाय तो काप आणि दाखव."

"माझा कापून तुझं बरं होत असतं तर विचार केला असता."

"नुसता विचार?"

"नुसता विचार."

ती हसली, मीही हसले. हसणं संपल्यावर म्हणाली, "नाय गो. एकदा लोखंड लागू दिलं. परत नाय."

कुणाचंच ऐकलं नाही तिने. गाववाले तिच्या बाजूने होते, आणि मांडीवरचे ते दाणेही तिच्याच बाजूने होते. तिला समोर दिसत होतं त्याच्यापुढे माझं चौथीपर्यंतचं शिक्षण आणि डॉक्टरणीचं मोठं शिक्षण दोन्ही सारखंच कमी पडलं.

पुढचे महिने मी रोज सकाळी तिचा पाय धुवायची. मुलगा करायला तयार होता, पण मुलाने आईची मांडी धुवावी हे तिला चालेना. दाण्यांच्या गाठी झाल्या, गाठी फुटल्या. नडगीवर तर हाड कुठलं आणि मांस कुठलं ते कळत नव्हतं. पट्टी सोडताना ती मला, माझ्या माहेरला, माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही शिव्या द्यायची. मी म्हणायची, "दे, त्यांना सवय आहे." दुखणं जास्त असलं की मात्र शिव्या थांबायच्या. तेव्हा मला भीती वाटायची.

ती दुपारी माझ्याकडचं जेवायची. एकदा ताटावरून हात काढून बसली.

"काय झालं? खारट झालंय?"

"सकाळी तू ही घाण धुतेस," ती म्हणाली. "दुपारी त्याच हाताने मला भाकरी देतेस. घास घेतला की मला घाणच आठवते."

"मी हात साबणाने धुते, बाय."

"तू धुतेस. माझ्या डोळ्यांपुढून जात नाय." ताट तिने बाजूला सारलं. "सांग त्या डॉक्टरणीला. काप म्हणावं."

मी ताबडतोब तिच्या मुलाला फोन केला. फोनवर तो रडला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? मी त्या रात्री गाढ झोपले.

जाताना रिक्षात तिने एक अट घातली. कापलेला पाय दवाखान्यात टाकायचा नाही. घरी आणून अंगणात पुरायचा. "उद्या मी मेले तर अर्धी कुठे आणि अर्धी कुठे शोधायची का? एका गावात तरी असूदे."

दवाखान्यात तिला मशिनीत घातलं, रक्त घेतलं, सगळं केलं. मग डॉक्टरणीने मला आणि मुलाला वेगळं बोलावलं. जांघेत गाठी गेल्या होत्या. छातीतही दिसत होतं. आता पाय कापून तिला फक्त जास्तीचं दुखणं मिळेल, ती म्हणाली. दुखणं कमी करायची औषधं देते, घरी न्या. मुलाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माहीत नाही, आजी." तिने तेही खरंच सांगितलं असणार.

बाहेर जाऊ चाकांच्या खुर्चीत बसली होती. "कधीचं दिलं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात, आये. जागा नाय सध्या."

मुलगा तिचा आहे, सांगायचं ते तो सांगेल असं मला वाटलं.

त्याने सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती, म्हणून तिने त्याला खड्डा खणायला बसवलं.

"आजच खणून ठेव. पुढे तुझी शिफ्ट असते, मग पाय तसाच राहील दारात."

तो पहार आणि फावडं घेऊन अंगणात गेला. आमच्या अंगणात आता माती कमी आणि बाजूच्या इमारतींचा भराव जास्त आहे, दगड-विटा. पहार खणखण वाजत होती. जावेची खाट खिडकीशी होती. ती आतून ओरडायची, "जरा बाजूला घे, तिथे पाइप हाय." मग, "आणखी खोल. कुत्री उकरतात." आणि तो "हो आये" म्हणत खोल करत होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. गुडघ्याएवढं खणून झालं तरी थांबेना.

मी सूप खाली ठेवलं आणि आत गेले.

"बाय, पाय कापणार नायत."

"का? डॉक्टरीण पळाली का काय?"

"उशीर झालाय. छातीत गेलंय."

बाहेर पहार दगडावर आपटली, परत आपटली.

"पोराला ठाऊक हाय?"

"हाय."

"तरी खणतोय?"

"तू सांगितलंस म्हणून खणतोय."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल. मी खाटेच्या कडेला बसले होते, शिव्यांची वाट बघत. पण तिने नुसता हात पुढे केला, तो मी धरला. तिचा हात गरम होता. मग म्हणाली, "त्याला सांग, बुजव म्हणावं. कोणतरी पडेल त्यात."

मी बाहेर गेले. मुलगा खड्ड्यात उभा होता. माझं तोंड बघूनच त्याला समजलं.

"काकी, सांगितलंस?"

"सांगितलं."

तो खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आतच सोडून, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. मी त्याला उठवलं नाही. त्याच्या हातातून फावडं घेतलं आणि माती आत लोटायला लागले. ती त्याच्या पावलांवर पडत होती, तरी तो हलला नाही.

आतून जावेचा आवाज आला, "नीट दाब गो. पावसात खचेल."